सोंग बाईचं, शब्द कोणाचे?

(८ मार्चच्या निमित्तानं तिसगाव, ता. पाथर्डी इथे बचत गटांतल्या बायका आणि कॉलेजच्या मुलींसमोर केलेलं भाषण.)



भाषणाला बोलावणारे बहुतेक वेळा म्हणतात, "महिलांविषयी काहीतरी बोला." तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही नेमका प्रश्न पाठवलात, म्हणून मी आनंदानं आले.

तुमच्या गटाला दारूच्या प्रश्नावर भारूड बसवायचं आहे. बायकांनीच रचायचं, बायकांनीच सोंगं घ्यायची. त्यावर गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी सांगितलं, की बाईनं सोंग घेणं आपल्या परंपरेत बसत नाही. मग तुमच्यातल्या काही मुलींनी फोनवर परंपरा शोधायला घेतली. फोननं सतरा जागी सतरा गोष्टी सांगितल्या. एका ठिकाणी, मराठी नाटक १८४३ साली सुरू झालं. दुसऱ्या ठिकाणी, १६९० च्या सुमारास तंजावरला. तिसऱ्या ठिकाणी, हजारो वर्षांपासून चालत आलेलं. यातलं धरायचं काय, सोडायचं काय, आणि जुन्या नाटकाविषयीची भरवशाची माहिती फोनवर शोधायची तरी कुठे? हा तुमचा प्रश्न.

प्रश्न दिसायला लहान आहे. पण "परंपरेत नाही" हे वाक्य बायकांना गप्प करायला किती कामी येतं, हे आपण सगळ्या जाणतो. मुलीनं शाळेत जाणं परंपरेत नव्हतं. विधवेनं कुंकू लावणं परंपरेत नव्हतं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागणं परंपरेत नव्हतं. अशा वाक्याला "आहे, आहे" असं नुसतं ओरडून उत्तर देता येत नाही. परंपरा कुणी लिहून ठेवली, कुणाचं त्यात आलं आणि कुणाचं राहिलं, हे आपल्याला ठाऊक हवं. म्हणून आज शोधायचं कसं आणि सापडलेलं वाचायचं कसं, या दोन्ही गोष्टी बोलू.

आधी शब्द बदला

फोनवर "नाटक" हा शब्द घातला की तो तुम्हाला सांगलीला नेतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी तिथे 'सीतास्वयंवर' केलं. ते खरंच आहे. त्याही आधी, १६९० च्या सुमारास, तंजावरच्या मराठी राज्यात शहाजीराजांनी 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक रचलं. तेही खरं. म्हणजे त्या दोन जागी लिहिलेलं एकमेकांशी भांडत नाही. एक जण मंडळी जमवून रंगभूमीवर केलेल्या नाटकाविषयी बोलतो आहे, दुसरा लिहिलेल्या संहितेविषयी.

पण मध्ययुगात आपल्या भागात तिकीट नव्हतं, पडदा नव्हता, नाट्यगृह नव्हतं. लोक जे बघत ते देवळाच्या आवारात, जत्रेत, कीर्तनाच्या रात्री. त्याला कुणी नाटक म्हणत नव्हतं. म्हणून शोधताना त्या काळाचे शब्द घाला: भारूड, गोंधळ, लळित, दशावतार, बहुरूपी, चित्रकथी, वासुदेव, आख्यान, सोंग. लळित हा शब्द तुमच्यातल्या तरुण मुलींनी ऐकलाही नसेल. उत्सवाच्या शेवटच्या रात्री कीर्तनानंतर एकेक सोंग येई. भालदार-चोपदार, वासुदेव, गोंधळी, असे समाजातले नाना प्रकारचे लोक, आणि शेवटी देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागायचं. आजच्या अर्थानं ते पूर्ण नाट्यच आहे. पण "मराठी नाटकाचा इतिहास" एवढंच शोधलंत, तर ते तुमच्या हाती लागेलच असं नाही.

आणखी एक साधी युक्ती. भारूड हा शब्द कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ. दोन्ही घालून पाहा. जुन्या पुस्तकांची छायाचित्रं जिथे ठेवलेली असतात तिथे पुस्तकांची नावं बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत आणि चुकीच्या स्पेलिंगनं नोंदवलेली असतात. तेव्हा मराठीत सापडलं नाही म्हणून थांबू नका, तेच नाव इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हेनं लिहून बघा.

पाणी कुठे लागतं

आता जागा सांगते. फार नाहीत, पण आहेत त्या पक्क्या आहेत.

पहिली मराठी विश्वकोशाची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश आता फोनवर फुकट वाचता येतो. भारूड, गोंधळ, लळित, दशावतारी नाटके, कीर्तन अशा नोंदी त्यात आहेत. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि त्यानं कोणती पुस्तकं पाहिली तेही दिलेलं असतं. माझा आग्रह असा, की सुरुवात इथून करावी. इथे दोन पानं वाचलीत की पुढे काय शोधायचं ते कळतं.

दुसरी जागा मूळ पुस्तकांची. इंटरनेट अर्काइव्ह नावाचं एक मोठं ग्रंथालय फोनवर आहे. त्यात जुन्या मराठी पुस्तकांची पानन् पान छायाचित्रं आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ ग्रंथ खुले केले आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. विकिस्रोत म्हणून आहे, तिथे जुने ग्रंथ टाइप करून ठेवलेले असतात.

तिसरी जागा बघण्या-ऐकण्याची. भारूड हे वाचायचं नाहीच, ते बघायचं आहे. यूट्यूबवर ढीगभर भारुडं आहेत. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांचं भारूड जरूर बघा. एक बाई उभी राहते, सोंग घेते, आणि समोरचे बायका-पुरुष तास तास हलत नाहीत. "बाईनं सोंग घ्यायचं नसतं" म्हणणाऱ्यांना आधी ते दाखवा, बाकीचं बोलणं नंतर.

आणि एक गोष्ट विसरू नका. सगळं फोनवर नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी हस्तलिखितं आहेत. नगरला जिल्हा वाचनालय आहे. गावोगावच्या देवस्थानांत आणि घराघरांत बासनात बांधलेल्या पोथ्या आहेत. फोन ही वाट आहे, मुक्काम नाही.

पारखायचं कसं

बाजारात लुगडं घेताना आपण नुसता रंग बघत नाही. काठ बघतो, वीण बघतो, उलट्या बाजूनं बघतो. माहितीचंही तसंच करायचं. चार प्रश्न विचारायचे.

हे कुणी लिहिलं, नाव आहे का? कशावरून लिहिलं: पोथी, छापील पुस्तक, की ऐकीव? केव्हाचं आहे? आणि चौथा प्रश्न आपण बायकांनी तर कधीच सोडू नये: यात कोण दिसत नाही?

व्हॉट्सअॅपवर एकनाथांच्या नावानं भारूड येतं. खाली ना गाथेचं नाव, ना पानाचा आकडा. ते नाथांचं असेलही, किंवा मागच्या वर्षी कुणी रचलेलंही असेल. नाथांच्या नावावर नंतरच्या लोकांनी रचना घातल्या, हे जाणकारांनी अनेकदा दाखवून दिलं आहे. मग छापील गाथेत ते आहे का, ते बघायचं. हल्ली तर फोनला प्रश्न विचारला की तो स्वतःच गोड भाषेत उत्तर जुळवून देतो, पुस्तकांची नावंसुद्धा सांगतो. त्यातलं एखादं पुस्तक जगात कधी छापलंच गेलेलं नसतं. ते नाव ग्रंथालयाच्या यादीत सापडलं तरच खरं माना.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? तर उद्या गावच्या पारावर तुम्ही उभ्या राहून म्हणालात, "नाथांनी असं लिहिलंय," आणि कुणी विचारलं, "कुठं?" तर तुमच्याकडे पुस्तकाचं नाव हवं. पुरुषानं चुकीचं सांगितलं तर म्हणतात, विसरला असेल. बाईनं चुकीचं सांगितलं तर म्हणतात, बायकांना काय कळतं. म्हणून आपली माहिती दुप्पट पक्की लागते. हा अन्यायच आहे, पण आज तो तसा आहे.

नाथांच्या भारुडातली बाई

आता या चार प्रश्नांनी आपल्या जवळचीच एक गोष्ट पारखून पाहू. पैठण इथून शेवगावमार्गे जवळच. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांची भारुडं तीनशेच्या आसपास मानतात. त्यांत कोण नाही? जोशी आहे, वासुदेव आहे, गोंधळी, भुत्या, कोल्हाटीण, महार, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा. हिंदू आणि तुर्क यांचा वादसंवादही आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांच्या तोंडी नाथांनी ज्ञान घातलं. एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या भारुडांवर मन लावून लिहिलं आहे. ही नाथांची थोरवी आहे, आणि ती मान्य करूनच पुढे जायचं.

त्यातली एक सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. सासरा, सासू, नणंद, एकेकाचं नाव घेऊन देवीला सांगते, की यांच्यातून मला सोडव. दुसरीला दादलाच नको आहे. घर मोडकं, अंगावर धड वस्त्र नाही, खायला धड अन्न नाही, मग हा दादला करायचा काय? भारूड उभं राहिलं की या जागी बायका सगळ्यात जास्त हसतात. का हसतात? कारण ते त्यांच्या घरातलं आहे, आणि घरात ते मोठ्यानं बोलता येत नाही.

पण शेवटी अर्थ उलगडतो. सासू म्हणजे खरी सासू नव्हेच, ती मनातली एक वाईट वृत्ती. दादला म्हणजे प्रपंचाची ओढ. सगळ्यांतून सुटून जीवानं देवापाशी एकटं व्हायचं आहे. म्हणजे बाईची तक्रार नाथांनी ऐकली, ती जशीच्या तशी शब्दांत धरली, आणि मग तिचं रूपक केलं. रूपक सुंदर आहे. पण सासुरवास हे रूपक नव्हतं. उपाशी राहणं रूपक नव्हतं. भारूड संपल्यावर बायका त्याच सासूच्या आणि त्याच दादल्याच्या घरी परत गेल्या.

आणि हे बोललं कोण? लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन, पुरुष. रचलं पुरुषानं, सोंग घेतलं पुरुषानं, लिहून ठेवलं पुरुषानं, छापलं पुरुषानं. तुमच्या गावातले वडीलधारे म्हणतात ते इतक्यापुरतं खरं आहे: भारुडात बाईचं सोंग बहुतेक पुरुषच घेत आले. हे आपण लपवायचं कारण नाही. त्यावर आपलं म्हणणं एवढंच, की चारशे वर्षं आमचं दुःख आमच्यासारखं लुगडं नेसून तुम्ही सांगितलंत, छान सांगितलंत, आता जरा बसा आणि आमच्या तोंडून ऐका.

आणि "बाई परंपरेत नाही" हे तरी पुरतं खरं आहे का? खंडोबाच्या जागरणात मुरळी नाचत-गात आली. यल्लमाच्या जोगतिणी नाचल्या. कोल्हाटणी दोरीवर चालल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या बरोबरीनं फडावर उभी राहिली. तोवर तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करत असे. म्हणजे बाया होत्या. मग "परंपरेत नाही" म्हणजे काय? तर "चांगल्या घरच्या" बाया नव्हत्या. ज्या नाचल्या त्यांची कला बघायची आणि त्यांना हलकं ठरवायचं, देवाला मुली सोडायच्या आणि मग त्यांनाच नावं ठेवायची. बाईची चांगली आणि वाईट अशी वाटणी करणारं हे जुनं शस्त्र आहे. त्या वाटणीला आपण बळी पडायचं नाही. पवळेचं नाव घेताना आपली मान वर असली पाहिजे.

बाईनं स्वतः म्हटलेला "मी"

मग मध्ययुगात बाईनं स्वतःच्या तोंडानं बोललेलं काहीच नाही का? आहे. फक्त ते "नाटक" या कप्प्यात ठेवलेलं नाही.

तेराव्या शतकात महानुभाव पंथात महदंबा होती. आज अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, तिथे गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला. नवरदेव, वऱ्हाड, सगळा सोहळा. त्या वेळी महदंबेनं धवळे गायिले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात आणि तो उल्लेख कवितेच्या इतिहासात येतो. पण प्रसंग बघा: लोक जमलेत, लग्न खेळून दाखवलं जातंय आणि एक बाई त्या खेळाचे शब्द तिथल्या तिथे रचून गातेय. हे नाट्यापासून किती लांब आहे?

नाथ गेले १५९९ मध्ये. त्यानंतर तीस वर्षांच्या आत, १६२८ मध्ये, वैजापूरकडच्या भागात बहिणाबाई जन्मली, शिऊरची संत बहिणाबाई. तिनं आपलं आयुष्य आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितलं. कोवळ्या वयात थोराड नवऱ्याशी लग्न झालं, कीर्तनाला जाते, देवाचं नाव घेते म्हणून नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. हे ती "मी" म्हणून सांगते. इथे सोंग नाही आणि रूपकही नाही. मार म्हणजे मारच. जस्टिन अॅबट यांनी १९२९ साली तिच्या अभंगांचं इंग्रजी भाषांतर छापलं. मुलींनो, एक काम करा. नाथांची सासुरवाशीण आणि बहिणाबाईचं आत्मनिवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचा. पैठण आणि शिऊर, गोदावरीच्या एकाच टापूतली गावं. एका ठिकाणी बाईसाठी पुरुष बोलतो, दुसऱ्या ठिकाणी बाई बोलते. परंपरा या दोघांची मिळून आहे.

तंजावरचं तर मला फार नवल वाटतं. आपण शहाजीराजांच्या नाटकाला पहिलं मराठी नाटक म्हणतो. त्याच गावात, मराठी राज्य येण्याच्या आधी, विजयराघव नायकाच्या दरबारात रंगाजम्मा नावाची बाई होती. तिनं तेलुगूत 'मन्नारुदासविलास' हे यक्षगान नाटक लिहिलं. मराठे तंजावरला आले १६७६ मध्ये. म्हणजे पहिलं मराठी नाटक जिथे लिहिलं गेलं, तिथे बाईनं नाटक लिहिण्याची वाट आधीच पडलेली होती.

बाहेरच्या जगातही हेच. जर्मनीतल्या गांडर्सहाइमच्या मठात दहाव्या शतकात ह्रोत्स्विथा होती. तिनं लॅटिनमध्ये सहा नाटकं लिहिली. टेरेन्स या जुन्या रोमन नाटककारानं बायका निर्लज्ज रंगवल्या, म्हणून मी बायकांची खंबीरता दाखवते, असं तिनं स्वतः प्रस्तावनेत मांडलं आहे. तिचं हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या अखेरीस सापडलं आणि १५०१ मध्ये छापलं गेलं. म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षं ती कपाटात होती.

आणि इंग्लंडातलं चेस्टर. तिथे कारागिरांचे संघ रस्त्यावर गाड्या फिरवून बायबलमधले प्रसंग करत. नोहाच्या जलप्रलयाचा खेळ कुणाकडे? तर नदीवरून पाणी वाहणाऱ्या पाणक्यांकडे! खेळाआधी गावात दवंडी फिरे. त्या दवंडीचा जुना मजकूर उरला आहे. त्यात लिहिलं आहे, की मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा खेळ गावातल्या बायकांकडे. सोळाव्या शतकात तिथला धर्म बदलला आणि तो खेळ वगळला गेला. बाकीच्या खेळांच्या संहिता आज वाचायला मिळतात, बायकांचा खेळ मिळत नाही. दवंडीत नाव राहिलं म्हणून निदान तो होता एवढं तरी कळलं.

यातून शोधण्याची एक मोठी शिकवण मिळते. कॅनडातल्या टोरांटो इथे १९७६ पासून अभ्यासकांनी इंग्लंडातल्या जुन्या खेळांच्या नोंदी गोळा करण्याचं काम हाती घेतलं. त्यांनी फक्त नाटकं पाहिली नाहीत. चर्चचे हिशेब, गावसभांच्या वह्या, कोर्टाचे कागद पाहिले. मुखवट्याला किती, पावाला किती, वाद्यवाल्याला किती. त्यातलं पुष्कळ आता फोनवर फुकट बघता येतं. आपल्याकडेही पेशवे दफ्तरात, देवस्थानांच्या जमाखर्चात कलावंतांच्या बिदागीच्या नोंदी आहेत. संहितेत बाई सापडली नाही तर खर्चाच्या वहीत शोधा. तिथेही नाही सापडली, तर जात्यावर शोधा.

जात्यावरची ओवी

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या फोनवर ऐकायला ठेवल्या आहेत. तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. आपले चार प्रश्न आठवा. कुणी, कशावरून, केव्हा, सगळ्याचं उत्तर तिथे मिळतं. आणि गाणारी ओळ दळताना सीता होते, रामाला जाब विचारते, पुन्हा स्वतः होते. पदर तोच, जातं तेच, प्रेक्षक कुणी नाही, फार तर समोर दळणारी जाऊ किंवा नणंद. पुरुषांचं भारूड चावडीवर झालं म्हणून ते नाट्य ठरलं. बायकांचं पहाटे अंधारात झालं म्हणून त्याला नावच मिळालं नाही.

फोन कोणाच्या हातात?

आता थोडं कडू बोलते. मघाशी मी विचारलं, की स्वतःचा फोन किती जणींकडे आहे. मुलींचे थोडे हात वर आले, मोठ्या बायकांचे त्याहून कमी. घरात फोन आहे, पण तो मुलाच्या खिशात आहे, नाहीतर नवऱ्याच्या. एका मुलीनं मला सांगितलं, तासभर फोन घेऊन बसलं की घरात विचारतात, कुणाशी बोलतेस? भाऊ रात्रभर क्रिकेट बघतो, त्याला कुणी विचारत नाही.

तर चांगली माहिती कुठे आहे हे सांगून माझं काम संपत नाही. तिथवर पोचायची वाट मोकळी पाहिजे. बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून एक तास शोधायचा ठेवा. एक फोन मध्ये ठेवा, भोवती सगळ्या बसा. वाचता येणारीनं मोठ्यानं वाचायचं, न येणारीनं विचारायचं. मी अनुभवानं सांगते, सगळ्यात चांगले प्रश्न न वाचणाऱ्या बायकाच विचारतात.

आपलं पान आपणच लिहायचं

शेवटचं. आज इथे काही जागा रिकाम्या आहेत. आपला पाथर्डी तालुका ऊसतोडणीचा. कितीतरी जणी अजून कोयता घेऊन बाहेर आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना गौळणी येतात, ओव्या येतात, मढीच्या यात्रेतली आणि मोहट्याच्या नवरात्रातली गाणी येतात. लग्नात बायका-बायका मिळून पुरुषांची सोंगं घेतात, धोतर नेसून, मिशी काढून. हसू नका, तीही परंपराच आहे, आणि ती तर सरळ बायकांनी घेतलेली सोंगं! ती फोनवर कुठे सापडेल? जवळजवळ कुठेच नाही.

कारखाने बंद झाले, बाया घरी आल्या, की मुलींनी एकेकीपाशी बसा. परवानगी घ्या. नाही म्हणाली तर आग्रह करू नका. हो म्हणाली तर फोनवर आवाज घ्या. आणि वहीत लिहा: नाव, गाव, माहेर, वय, हे कुणाकडून शिकली, केव्हा म्हणायचं असतं, आज तारीख काय. जो शब्द कळला नाही तो तसाच लिहा, सुधारू नका. दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. एवढं केलंत तर उद्या दुसऱ्या गावची मुलगी बायकांची सोंगं शोधायला बसेल, तेव्हा तिला तिसगाव सापडेल.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. पाटीवर बाईचं नाव लागलं. आता आतल्या पानांतही बायकांची नावं यायला हवीत, आणि ती नोंदवणं आपल्या हातात आहे.

आणि भारूड? भारूड बसवाच. विश्वकोशातली नोंद वाचा, छापील गाथा बघा, चंदाताईंचं बघा, बहिणाबाई वाचा, मग आपलं रचा. नाथांनी सासू-दादल्याचं रूपक केलं. तुम्ही दारूच्या बाटलीला सोंग द्या, तिला नाचवा, तिला बोलू द्या, पण शेवटी तिचं रूपक करू नका. दारू म्हणजे दारू आणि मार म्हणजे मार, हे गावाला बायकांच्या तोंडून ऐकू द्या. कुणी विचारलं, हे परंपरेत कुठं आहे? तर वही पुढे करा आणि पान नंबर सांगा.